व्हॅल्गस विकृतीची शस्त्रक्रिया

पायाचे हाड किंवा पाऊल एखाद्या सांध्यापासून पुढे शरीराच्या मध्यरेषेपासून दूर, म्हणजे बाहेरच्या बाजूस, कललेले असेल तर त्या व्यंगास व्हॅल्गस विकृती असे म्हणतात. गुडघ्याच्या ठिकाणी ही विकृती असल्यास सरळ उभे राहताना दोन्ही गुडघे एकमेकांना टेकतात आणि घोटे मात्र जुळत नाहीत. टाचेच्या ठिकाणी ती असल्यास टाच बाहेर झुकते व पावलाची कमान बसते. पायाच्या अंगठ्यात ती असल्यास अंगठा शेजारच्या बोटाकडे वळतो. या तिन्ही ठिकाणच्या विकृती सरळ करण्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचा परिचय या लेखात आहे. यांतील बहुसंख्य विकृती, विशेषतः लहान मुलांमधील, शस्त्रक्रियेविना सुधारतात किंवा त्रास न देता राहतात. म्हणून शस्त्रक्रिया कशी करावी याइतकाच ती कोणावर आणि कोणत्या वयात करावी हा प्रश्नही महत्त्वाचा मानला जातो.

संज्ञा

व्हॅल्गस आणि व्हॅरस हे दोन्ही शब्द लॅटिन आहेत. आजच्या वैद्यकात व्हॅल्गस म्हणजे सांध्याखालचा भाग बाहेर कललेला आणि व्हॅरस म्हणजे आत कललेला. गंमत अशी की अभिजात लॅटिनमध्ये व्हॅल्गस हा शब्द कमानीसारखे बाहेर वाकलेले पाय असणाऱ्यास आणि व्हॅरस हा शब्द गुडघे जुळणाऱ्यास लावीत. वैद्यकाच्या भाषेत येताना अर्थांची अदलाबदल झाली. त्यामुळे जुने ग्रंथ वाचताना अभ्यासकांचा घोटाळा होतो. गुडघ्याच्या व्हॅल्गस विकृतीस जेनू व्हॅल्गम, टाचेसह सपाट झालेल्या पावलास प्लॅनोव्हॅल्गस आणि अंगठ्याच्या विकृतीस हॅलक्स व्हॅल्गस असे म्हणतात. मराठीत पहिल्या विकृतीला ‘गुडघे जुळणे’ किंवा ‘गुडघ्याला गुडघा लागणे’ असे म्हटले जाते.

वाढीच्या वयातील नैसर्गिक कल

नवजात बालकाचे पाय कमानीसारखे बाहेर वाकलेले असतात. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात आणि नंतर उलट दिशेने कलू लागतात. तीन ते चार वर्षांच्या मुलांचे गुडघे सर्वांत जास्त जुळलेले दिसतात. या वयात मांडी व नडगी यांच्यातील कोन १० ते १२ अंशांपर्यंत जाऊ शकतो. त्यानंतर तो हळूहळू कमी होत सहा-सात वर्षांपर्यंत प्रौढांमध्ये आढळणाऱ्या ५ ते ७ अंशांवर स्थिरावतो. फिनलंडमधील सालेनियस आणि वांका यांनी मुलांच्या क्ष-किरण चित्रांवरून मांडलेला हा आलेख १९७५ साली प्रसिद्ध झाला व आजही बालरोग-अस्थिचिकित्सेत आधारभूत मानला जातो.

याचा व्यवहारातील अर्थ असा की तीन-चार वर्षांच्या मुलाचे गुडघे दोन्ही पायांत सारखेच जुळत असतील, उंची वयाच्या मानाने ठीक असेल आणि वेदना नसतील, तर उपचाराची गरज नसते. अशा मुलांना पूर्वी लोखंडी पट्ट्यांचे बूट घालायला लावीत. पाय पुढे सरळ होत असे आणि श्रेय बुटाला मिळे. याउलट पुढील लक्षणे आढळल्यास तपासणी आवश्यक ठरते: विकृती एकाच पायात असणे, सात-आठ वर्षांनंतरही ती वाढत जाणे, गुडघे टेकवून उभे केल्यावर घोट्यांमधील अंतर ८ सेंटिमीटरपेक्षा जास्त असणे, उंची खुंटणे, मनगटे जाड दिसणे किंवा कुटुंबात असाच आजार असणे.

कारणे

जगभर दीर्घकाळ सर्वांत मोठे कारण राहिले ते मुडदूस. ‘ड’ जीवनसत्त्व किंवा कॅल्शियम अपुरे पडल्याने वाढत्या हाडातील वृद्धिपट्ट, म्हणजे हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा वाढणारा थर, नीट कठीण होत नाही आणि शरीराच्या भाराखाली हाड वाकते. चालू लागण्याच्या वयात मुडदूस झाल्यास पाय बहुधा कमानीसारखे होतात. गुडघे नैसर्गिकरीत्या जुळण्याच्या वयात झाल्यास ती जुळणी अधिक वाढते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातून आणि फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाण्याच्या आनुवंशिक दोषातूनही मुडदूस होतो. तो केवळ औषधांच्या नेहमीच्या मात्रेने बरा होत नाही.

भारतातील एक खास कारण म्हणजे पिण्याच्या पाण्यातील फ्लोराइड. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कमला कृष्णस्वामी यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तत्कालीन आंध्र प्रदेशातील फ्लोराइडयुक्त पाण्याच्या भागातील तरुणांमध्ये गुडघे जुळण्याची विकृती आणि हाडांची विरळता एकत्र आढळल्याचे नोंदविले. फ्लोराइडमुळे हाडे घट्ट व पाठ ताठ होते हे आधीपासून माहीत होते. पाय वाकतात ही बाब त्या नोंदीने पुढे आणली. आहारात कॅल्शियम कमी असेल तर हा परिणाम अधिक तीव्र होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे इष्ट प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत भूजलातील फ्लोराइड या मर्यादेपलीकडे आढळते. अशा गावातील मुलाचा पाय शस्त्रक्रियेने सरळ केला आणि विहीर तीच राहिली, तर उपचार अर्धाच झाला असे समजावे लागते.

इतर कारणांत वृद्धिपट्टास झालेली इजा किंवा जंतुसंसर्ग, हाडांवर अनेक गाठी येण्याचा आनुवंशिक विकार, हाडांच्या वाढीचे जन्मजात दोष, पोलिओनंतर मांडीच्या बाहेरील जाड पट्टा आखडणे, संधिवात आणि उतारवयात गुडघ्याच्या बाहेरील कप्प्याची झीज यांचा समावेश होतो. लहान मुलाच्या नडगीच्या हाडाचा वरच्या टोकाजवळ साधा अस्थिभंग झाला, तो व्यवस्थित जुळला, आणि तरीही पुढील वर्षभरात पाय बाहेर कलू लागला, असेही घडते. १९५३ साली त्याचे वर्णन करणाऱ्या लुईस कोझेन यांच्या नावाने ही घटना ओळखली जाते. येथे घाईने हाड कापल्यास तो कल पुन्हा येण्याचा धोका असतो. काही वर्षे वाट पाहिल्यास तो बहुतेक मुलांत आपोआप कमी होतो.

मोजमाप

शस्त्रक्रियेचा निर्णय डोळ्यांनी पाहून घेतला जात नाही. रुग्णास उभे करून, गुडघ्याची वाटी समोर ठेवून, खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पायाचे एकच क्ष-किरण चित्र काढतात. खुब्याच्या गोलाच्या केंद्रापासून घोट्याच्या केंद्रापर्यंत काढलेली रेषा म्हणजे पायाचा यांत्रिक अक्ष. योहान मिकुलिच या शल्यविशारदाच्या नावाने तिला मिकुलिच रेषा असेही म्हणतात. निरोगी पायात ती गुडघ्याच्या मध्यापासून किंचित आतल्या बाजूने जाते. व्हॅल्गस विकृतीत ती बाहेरच्या बाजूस सरकते, आणि भार बाहेरच्या कप्प्यातील कूर्चेवर पडू लागतो.

त्यानंतर विकृती नेमकी कोणत्या हाडात आहे हे ठरवितात. मांडीच्या हाडाच्या यांत्रिक अक्षाशी त्याच्या खालच्या टोकाच्या सांध्याच्या रेषेने बाहेरच्या बाजूस केलेला कोन साधारण ८७ ते ८८ अंश असतो, आणि नडगीच्या वरच्या टोकाचा आतील बाजूचा कोनही ८७ अंशांच्या आसपास असतो. ८५ ते ९० अंशांबाहेरचा कोन ज्या हाडात सापडतो ते हाड दोषी. जेनू व्हॅल्गममध्ये बहुधा मांडीचे हाड दोषी असते. दोष मांडीच्या हाडात असताना नडगी कापून पाय सरळ केला, तर बाहेरून पाय सरळ दिसतो पण गुडघ्याच्या सांध्याची रेषा जमिनीशी तिरपी होते आणि सांधा घसरत झिजतो. मेयो क्लिनिकचे मार्क कॉव्हेन्ट्री यांनी यासाठी घालून दिलेला नियम अजून पाळला जातो: व्हॅल्गस १२ अंशांपेक्षा जास्त असेल किंवा सांध्याची रेषा १० अंशांपेक्षा अधिक तिरपी होणार असेल, तर छेद मांडीच्या हाडातच घ्यावा.

इतिहास

ऑर्थोपेडिक्स या शब्दाचा जन्मच वाकड्या मुलांना सरळ करण्याच्या कल्पनेतून झाला. फ्रेंच वैद्य निकोलस आंद्री यांनी १७४१ साली ग्रीकमधील ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थांचे शब्द जोडून तो घडविला. त्यांच्या ग्रंथातील, खुंटाला दोरीने बांधलेल्या वाकड्या झाडाचे चित्र आजही जगभरातील अस्थिरोग संघटनांच्या मानचिन्हांवर आहे. आंद्री स्वतः शल्यविशारद नव्हते. त्यांचा भर पट्ट्या बांधणे आणि व्यायाम यांवर होता.

वाकडे हाड कापून सरळ करणे म्हणजे अस्थिछेदन. फिलाडेल्फियाचे जॉन रिया बार्टन यांनी १८२६ साली खुब्याजवळ असा छेद घेतला होता. तथापि जंतुनाशक पद्धती येईपर्यंत हाड उघडे करणे हे जिवावरचे काम होते, म्हणून यंत्राच्या दाबाने कातडी न फाडता हाड मोडण्याची रीत युरोपात चालू होती. जोसेफ लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीने हे चित्र पालटले. ॲबरडीनचे अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८७६ साली गुडघ्याच्या आतील बाजूचा हाडाचा उंचवटा करवतीने कापून वर सरकवण्याची शस्त्रक्रिया केली. त्यात करवत थेट सांध्यात जाई. (हेच ऑग्स्टन पुढे पू निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूच्या शोधासाठी प्रसिद्ध झाले.) ग्लासगोचे विल्यम मॅकईवेन हे लिस्टर यांचे विद्यार्थी. त्यांनी १८७७ साली सांध्याला न शिवता, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या वरच छेद घेतला. धुराने झाकोळलेल्या ग्लासगोत, दाट चाळींत वाढणाऱ्या मुलांत मुडदूस इतका होता की रुग्णांची वाण नव्हती. मॅकईवेन यांनी या कामासाठी दोन्ही बाजूंनी निमुळती होणारी छिन्नी बनविली आणि १८८० साली अस्थिछेदनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. क्ष-किरणांचा शोध त्यानंतर पंधरा वर्षांनी लागला; म्हणजे हे सारे काम हाताच्या स्पर्शावर आणि हातोड्याच्या आवाजावर झाले होते. छेदाची जागा आजही मूलतः त्यांनीच दाखविलेली आहे.

वाढत्या वयातील शस्त्रक्रिया

मुलाची वाढ शिल्लक असेल तर हाड कापण्याची बहुधा गरज नसते. वृद्धिपट्टावर दाब वाढला की त्या बाजूची वाढ मंदावते आणि दाब कमी झाला की ती वेग घेते, हे तत्त्व ह्यूटर व फोल्कमान यांच्या नावाने ओळखले जाते. गुडघे जुळलेल्या मुलाच्या वृद्धिपट्टाची आतील बाजू काही काळ रोखून धरली तर बाहेरची बाजू वाढत राहते आणि पाय आपल्याच वाढीने सरळ होतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची वाढ वर्षाला सुमारे ९ ते १० मिलिमीटर आणि नडगीच्या वरच्या टोकाची सुमारे ६ मिलिमीटर असते. या शस्त्रक्रियेचे सारे भांडवल एवढेच आहे.

डॅलस फेमिस्टर यांनी १९३३ साली वर्णिलेल्या पद्धतीत वृद्धिपट्टाचा भाग कायमचा बंद केला जाई. त्यामुळे वेळेचा अंदाज चुकल्यास पाय दुसऱ्या दिशेने वाकत असे. वॉल्टर ब्लाउंट यांनी १९४९ साली वृद्धिपट्टावर धातूचे मजबूत आकडे ठोकण्याची रीत मांडली. आकडे काढले की वाढ पुन्हा सुरू होईल ही अपेक्षा होती. ती बऱ्याच अंशी खरी ठरली, पण आकडे निसटत, वाकत, तुटत. १९९८ साली मेटेझो यांनी वृद्धिपट्टातून आरपार जाणाऱ्या स्क्रूचा पर्याय दिला. सध्या सर्वाधिक वापरात असलेली पद्धत अमेरिकेतील युटा येथील पीटर स्टीव्हन्स यांची असून ती २००७ साली प्रसिद्ध झाली. तीत दोन छिद्रांची लहान पट्टी वृद्धिपट्टावर आडवी न घालता उभी ठेवतात. एक स्क्रू पट्टाच्या वर आणि एक खाली. पट्टीचा आकार इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असल्याने तिला ‘एट प्लेट’ हे नाव पडले. आकडा वृद्धिपट्ट चिमटीत धरतो. ही पट्टी बिजागरीसारखी वागते. हाड वाढते तसे दोन्ही स्क्रू एकमेकांपासून फाकत जातात आणि पट्टाला कायमची इजा होण्याचा संभव कमी राहतो. पट्टी हाडावरील आवरणाच्या बाहेर ठेवणे महत्त्वाचे असते. आवरण खरवडले गेल्यास तेथे हाडाचा पूल तयार होऊन वाढ कायमची थांबू शकते.

शस्त्रक्रिया दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून होते. प्लास्टर लागत नाही, आणि मूल काही दिवसांत चालू लागते. मांडीच्या हाडात महिन्याला सुमारे ०.७ अंश व नडगीत सुमारे ०.५ अंश एवढी सुधारणा होते. म्हणजे दहा अंशांच्या दोषाला वर्षाहून अधिक काळ लागतो. दर तीन महिन्यांनी तपासणी करणे हा उपचाराचाच भाग आहे. पाय सरळ झाल्यावर पट्टी वेळेत काढली नाही तर तो विरुद्ध दिशेने वाकतो. दूरच्या गावातून येणारे कुटुंब मूल चांगले चालते आहे असे पाहून परत येत नाही, ही अडचण वारंवार येते. म्हणून पालकांना पुढील तारीख लिहून देण्यावर अनुभवी शल्यविशारद भर देतात.

या उपचाराची वेळ मर्यादित असते. मुलींत साधारण चौदाव्या आणि मुलांत सोळाव्या वर्षाच्या सुमारास गुडघ्याभोवतीचे वृद्धिपट्ट बंद होतात. त्याआधी दीड-दोन वर्षांची वाढ हाती असावी लागते. मुडदूस असलेल्या मुलात आधी आजार आटोक्यात आणावा लागतो: रक्तातील अल्कलाइन फॉस्फेटेज उतरलेले आणि क्ष-किरण चित्रात वृद्धिपट्ट भरून आलेला दिसला पाहिजे. पोषणजन्य मुडदुसात औषधांनीच अनेक पाय सरळ होतात. उलट मुडदूस चालू असताना केलेले अस्थिछेदन पुन्हा वाकते. भारतात २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळांतील मुलांच्या तपासणीच्या यादीत ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा म्हणजे मुडदुसाचा समावेश आहे. ही तपासणी नीट झाली तर विकृती पट्टीच्या वयात सापडू शकते.

प्रत्यक्षात अनेक तरुण सतराव्या-अठराव्या वर्षी, सैन्य किंवा निमलष्करी दलांच्या भरतीच्या शारीरिक चाचणीत ‘गुडघे जुळतात’ असा शेरा मिळाल्यावर, पहिल्यांदा अस्थिरोगतज्ज्ञाकडे येतात. तोवर वृद्धिपट्ट बंद झालेले असतात आणि हाड कापण्यावाचून मार्ग उरत नाही. शिवाय पाय सरळ झाला म्हणजे पात्रता मिळाली असे गृहीत धरता येत नाही. शस्त्रक्रियेचा पूर्वेतिहास व हाडात राहिलेले धातूचे साधन यांचाही विचार वैद्यकीय मंडळ करते. वेदना नसलेल्या, सौम्य विकृतीच्या पायावर केवळ या कारणासाठी मोठी शस्त्रक्रिया करावी का, याबद्दल रुग्णाशी मोकळेपणाने बोलणे आवश्यक असते.

अस्थिछेदन

वाढ संपलेल्या व्यक्तीत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाजवळ छेद घेतला जातो. आतील बाजूने पाचरीच्या आकाराचा हाडाचा तुकडा काढून फट मिटविणे हा एक प्रकार. यात हाडाच्या कापलेल्या बाजू एकमेकांना टेकतात, त्यामुळे ते लवकर जुळते. पाय मात्र किंचित आखूड होतो. बाहेरच्या बाजूने छेद घेऊन फट उघडणे आणि आवश्यक तर तिच्यात कटीच्या हाडाचा कलम भरणे हा दुसरा प्रकार. त्यात कोन थोडा थोडा वाढवून अचूक साधता येतो. जुळायला वेळ अधिक लागतो. कमानीच्या आकाराचा छेद हा तिसरा. कोणत्याही प्रकारात समोरची कडा पूर्ण न कापता बिजागरी म्हणून राखण्याचा प्रयत्न असतो. ती मोडल्यास स्थैर्य जाते. पूर्वी यासाठी ९५ अंशांची पात्याची पट्टी वापरीत. आता स्क्रू पट्टीतच घट्ट बसणाऱ्या लॉकिंग पट्ट्या रूढ आहेत.

प्रौढात दुरुस्तीचा उद्देश यांत्रिक अक्ष गुडघ्याच्या मध्यावर किंवा त्याच्या जरा आत आणणे हा असतो. बाहेरचा कप्पा झिजू लागलेला पण आतील कप्पा शाबूत असलेल्या तरुण व कष्टकरी रुग्णांत यामुळे कृत्रिम सांधा अनेक वर्षे लांबणीवर टाकता येतो. धूम्रपान करणाऱ्यांत हाड जुळण्यास विलंब होतो.

विकृती फार मोठी असेल, पाय आखूडही असेल किंवा हाड अनेक पातळ्यांवर वाकलेले असेल, तर एकाच बैठकीत ते सरळ करणे धोक्याचे ठरते. अशा वेळी सोव्हिएत संघातील कुर्गान येथे गावरिल इलिझारोव्ह यांनी विकसित केलेली कड्यांची बाह्य चौकट वापरतात. हाड कापून ते दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने हलविले जाते आणि फटीत नवे हाड तयार होते. तारांच्या जागी होणारा संसर्ग व महिनोन्‌महिने चौकट वागविण्याचा त्रास ही तिची किंमत.

मज्जातंतूचा धोका

व्हॅल्गस दुरुस्तीतील सर्वांत भीतीदायक गुंतागुंत म्हणजे कॉमन पेरोनियल मज्जातंतूला बसणारा ताण. हा मज्जातंतू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून अगदी कातडीखालून जातो. पाय वर्षानुवर्षे बाहेर कललेला असताना तो आखूड मार्गाला सरावलेला असतो. पाय एकदम सरळ केला की बाहेरची बाजू लांबते आणि मज्जातंतू ताणला जातो. परिणामी पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चवडा घासतो, आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यातील संवेदना जाते. म्हणून भूल उतरताच रुग्णास अंगठा वर उचलायला सांगणे ही पहिली तपासणी असते. दोष आढळल्यास पट्ट्या व प्लास्टर तत्काळ सैल करून गुडघा वाकवून ठेवतात, आणि सुधारणा न झाल्यास मज्जातंतू मोकळा करतात. मोठ्या विकृतीत तो आधीच मोकळा करून घेणे अथवा हळूहळू दुरुस्ती करणे अधिक सुरक्षित. पोटरीच्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढणे हीही तातडीची स्थिती आहे. औषधाने न थांबणारी आणि बोटे ताणताच वाढणारी वेदना हे तिचे लक्षण.

झिजलेल्या गुडघ्यातील सांधारोपण

संधिवातात आणि उतारवयातील झिजेत संपूर्ण गुडघारोपणाचा पर्याय उरतो. आपल्याकडे बहुतेक झिजलेले गुडघे कमानीसारखे वाकलेले असतात. त्यामुळे व्हॅल्गस गुडघा कमी वेळा समोर येतो आणि अधिक अवघड वाटतो. बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध आखडलेले, आतील बाजूचे सैल, आणि मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटा मागच्या अंगाने झिजलेला किंवा मुळातच लहान असतो. मागच्या उंचवट्यांच्या रेषेवरून कृत्रिम भाग बसविल्यास तो आतल्या बाजूस फिरतो व वाटी निसटते. म्हणून हाडाच्या इतर खुणांवरून दिशा ठरवितात. आखडलेली बाजू सैल करण्याची, चाकूच्या टोकाने अनेक बारीक छेद देण्याची पद्धत भारतात जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये कार्य केलेले चित्तरंजन राणावत यांनी प्रचारात आणली.

टाच आणि पाऊल

लहान मुलांची पावले सपाट असणे हे नैसर्गिक आहे. मणिपाल येथील राव व बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली नोंदविले की पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के होते. बंद बूट वापरणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होते. चवड्यावर उभे राहताच कमान दिसणारे, वेदना नसलेले लवचीक सपाट पाऊल हा आजार नव्हे. ताठ आणि दुखणारे पाऊल वेगळे. त्यामागे पावलाची दोन हाडे जन्मतः जोडलेली असणे, मेंदूचा पक्षाघात किंवा इतर कारण असू शकते.

शस्त्रक्रियांमध्ये डिलविन इव्हान्स यांची पद्धत विशेष आहे. कार्डिफ येथे काम करणारे इव्हान्स उलट्या विकृतीच्या, म्हणजे आत वळलेल्या पावलांच्या, उपचारात पावलाची बाहेरची बाजू आखूड करीत. काही पावले प्रमाणाबाहेर सुधारून सपाट झालेली पाहून त्यांनी निष्कर्ष काढला की सपाट पावलात बाहेरची बाजू मुळातच आखूड असते, आणि ती लांब केली तर कमान परत येईल. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत टाचेचे हाड पुढच्या टोकाजवळ कापून त्यात हाडाची पाचर बसवितात. व्हिन्सेंट मोस्का यांनी १९९५ साली तिचे सुधारित रूप मांडले. त्याआधी १९५२ साली बोस्टनच्या डेव्हिड ग्राइस यांनी पोलिओने लुळ्या पडलेल्या पावलांसाठी टाचेच्या वरचा सांधा, त्याच्या बाहेरून हाडाचा आधार देऊन, स्थिर करण्याची रीत दिली. भारतात पोलिओचा अखेरचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. त्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांच्या दोन-तीन पिढ्यांचा हात अशा पायांवरच बसला.

प्रौढांत नव्याने पाऊल सपाट होण्यामागे बहुधा घोट्याच्या आतील बाजूने जाणाऱ्या टिबियालिस पोस्टिरियर या कंडरेची झीज असते. जॉन्सन व स्ट्रॉम यांनी १९८९ साली तिच्या अवस्था सांगितल्या. पाऊल लवचीक असेपर्यंत टाचेचे हाड कापून आतल्या बाजूस सरकविणे आणि बोटे वाकविणारी शेजारची कंडरा झिजलेल्या कंडरेच्या जागी जोडणे या दोन गोष्टी एकत्र करतात. आखडलेली पोटरीची कंडराही लांब करावी लागते. पाऊल ताठ झाल्यावर मात्र तीन सांधे जोडून कायमचे स्थिर करण्यावाचून पर्याय नसतो. वेदना जाते, पण उंचसखल रस्त्यावर पाऊल जुळवून घेण्याची क्षमताही जाते.

अंगठ्याची विकृती

हॅलक्स व्हॅल्गस ही संज्ञा जर्मन शल्यविशारद कार्ल ह्यूटर यांची. अंगठ्याच्या बुंध्याशी आतील बाजूस दिसणारा उंचवटा ही नवी वाढ नसते. पावलाचे पहिले लांब हाड आत सरकल्याने त्याचेच डोके पुढे आलेले असते. त्यामुळे केवळ उंचवटा तासून टाकला तर विकृती परत येते. अंगठ्याचा कोन १५ अंशांपर्यंत आणि पहिल्या दोन लांब हाडांमधील कोन ९ अंशांपर्यंत सामान्य मानतात. आनुवंशिकता, स्त्रीत्व आणि पुढे निमुळते होणारे बूट ही मुख्य कारणे. हाँगकाँग येथे लाम सिम-फूक व हॉजसन यांनी १९५८ साली केलेल्या तुलनेत पादत्राणे वापरणाऱ्यांत ही विकृती ३३ टक्के व अनवाणी राहणाऱ्यांत १.९ टक्के आढळली.

या एका अंगठ्यासाठी शंभराहून अधिक शस्त्रक्रिया वर्णिल्या गेल्या आहेत; एवढी संख्या कोणतीही एक पुरेशी नसल्याचेच द्योतक आहे. सौम्य व मध्यम विकृतीत हाडाच्या डोक्याजवळ इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा छेद घेऊन डोके बाहेर सरकवितात. या पद्धतीस शेवरॉन म्हणतात. अधिक विकृतीत हाडाच्या दांड्यात झेड आकाराचा लांब छेद घेतात. त्यास स्कार्फ असे नाव आहे. हा शब्द सुतारांच्या लाकूड-जोडणीतून आला. हाडाच्या बुडाचा सांधा सैल असल्यास तो जोडून टाकतात. ही पद्धत १९३४ साली लॅपिडस यांनी मांडली. सांधा झिजलेला असल्यास अंगठ्याच्या बुंध्याचाच सांधा स्थिर करतात. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शेवरॉन शस्त्रक्रिया, बुटातील आधार आणि काहीच न करणे यांची तुलना झाली. वर्षाअखेर शस्त्रक्रियेचा गट सर्वांत समाधानी होता. आधाराचा उपयोग सुरुवातीच्या महिन्यांपुरता दिसला. विकृती परत येणे, अंगठा उलट दिशेने वळणे, भार शेजारच्या हाडांवर सरकून तळवा दुखणे आणि हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटणे हे धोके आहेत. न दुखणारा अंगठा केवळ दिसण्यासाठी कापू नये यावर तज्ज्ञांचे सर्वसाधारण एकमत आहे.

शस्त्रक्रियेनंतर

अंगठ्याच्या छेदानंतर कडक तळाचे पादत्राण घालून टाचेवर भार देत लगेच चालता येते, पण सूज काही महिने राहते आणि नेहमीचा बूट तोवर चढत नाही. टाचेच्या छेदानंतर साधारण सहा आठवडे भार द्यायचा नसतो. मांडीच्या हाडाच्या छेदानंतर कुबड्या घेऊन पाऊल टेकविता येते व क्ष-किरणात हाड जुळताना दिसेल तसा भार वाढवितात. गुडघा वाकविण्याचा व्यायाम मात्र पहिल्या दिवसांपासूनच सुरू होतो. मुलांतील पट्टी काढल्यानंतर विकृती काही प्रमाणात परत येऊ शकते. मूल जितके लहान तितका हा संभव अधिक, म्हणून काही शल्यविशारद पाय किंचित जास्त सरळ झाल्यावरच पट्टी काढतात, आणि वृद्धिपट्ट बंद होईपर्यंत वर्षातून एक-दोनदा तपासणी चालू ठेवतात. पाय पुन्हा कलू लागल्यास तीच पट्टी दुसऱ्यांदा बसविता येते.